एकही सुरकुती नाही

४ मार्च, सोमवार

आज आले. रोजनिशी माझी आहे, अक्षर माझं नाही. मला अक्षर येत नाही. सही म्हणून मी आयुष्यभर एक गोल काढला आणि तोही कधी पुरता मिटला नाही. मी बोलते आणि शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई लिहितात. बत्तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या लाल करून रिटायर झाल्या आहेत. पहिल्या तासाभरातच त्यांनी अट घातली, की वाक्य अर्धवट सोडायचं नाही. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात मला कुणी वाक्य पूर्ण करू दिलं असतं तर सवय लागली असती. हेही त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि हसल्या नाहीत. आमचं जमणार असं दिसतंय.

वही नातीने दिली. ती दुकानात काउंटरमागे दिवसाचे दहा तास उभी असते. आजी, तिथे कंटाळा येईल, कुणाकडून तरी रोज चार ओळी लिहून घे, मी आले की वाचेन, असं म्हणाली. संध्याकाळी तिच्या मोज्याचं रबर पोटरीत रुतलेलं असतं. मी तिला सांगते, पाय वर घेऊन बस. ती म्हणते, तू तुझं बघ. मी माझं चाळीस वर्षं बघितलं नाही, म्हणून तर इथे आले.

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी चाळीस वर्षं उभी होते. पायातलं रक्त वर चढायचं विसरलं आणि खालीच मुक्कामाला राहिलं, असं डॉक्टरांनी समजावलं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे, दोन वर्षं वाहतेय. भोवतीची कातडी तपकिरी झाली आहे, कापडावर इस्त्री जास्त वेळ राहिली की होते तशी. सून म्हणते वास येतो. मुलगा म्हणतो वास येत नाही, पण म्हणताना खिडकी उघडतो.

तर हे पायांचं घर. फक्त पायांच्या जखमा बऱ्या करतात. महिनाभर राहायचं. मुलाने बॅग ठेवली, तीन वेळा घड्याळ बघितलं आणि मला वाकून नमस्कार करण्याऐवजी गाडीची किल्ली शोधायला वाकला. राग आला. पण पहिला दिवस म्हणून गिळला.

खोली छान आहे. तीन खाटा, मोठी खिडकी, भिंतीला फिकट हिरवा रंग, सगळीकडे मलमाचा गोडसर वास, तान्ह्या बाळाच्या पावडरसारखा. आणि चादरी काय सांगू. कडक, पांढऱ्या, कोपरे अगदी पाकिटासारखे दुमडलेले. चादरी बघून मी मुलाला जवळजवळ माफच केलं.

५ मार्च, मंगळवार

आज पट्टी बांधली. पहाटे, खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी. रात्रभर आडवा राहिलेला पाय उतरलेला असतो, तो जमिनीला लागला की परत भरतो, म्हणून. सिस्टरने आधी पायाची नाडी एका छोट्या यंत्राने ऐकवली. फुस्स फुस्स आवाज आला. म्हणाली, रक्त खाली नीट येतंय, आता पट्टी घट्ट बांधायला हरकत नाही. मी म्हटलं, रक्त खालीच येतं गं बाई, तीच तर तक्रार आहे.

पाऊल काटकोनात धरायचं. काटकोन म्हणजे काय ते मास्तरीणबाईंनी पुस्तकाचा कोपरा दाखवून शिकवलं. मग पांढऱ्या मलमात भिजलेली ओली गार पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू झाली. टाचेवरून, घोट्यावरून आणि जखमेवरून नेत ती गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर संपवली. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर. त्यावर कापूस, आणि त्यावर ताणाची पट्टी. सिस्टर सारखी तळहाताने सपाट करत होती. एकही सुरकुती राहता कामा नये, सुरकुती राहिली की ती आत कातडीत उमटते, म्हणाली. मला तिचा हात आवडला. माझ्या हाताखाली असती तर दोन महिन्यांत शर्टाच्या कॉलरवर बसवली असती.

बोटं उघडी ठेवतात. अंगठ्याचं नख दाबायचं, पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी व्हायला हवं. ते तीन मोजेपर्यंत झालं नाही, किंवा बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, तर लगेच हाक मारायची आणि पट्टी कापून काढायची. मी दिवसभर नख दाबतेय. दोन म्हणायच्या आत गुलाबी. नवं खेळणं मिळालंय.

संध्याकाळपर्यंत पट्टी वाळून कडक झाली. आत पाय शांत आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा.

७ मार्च, गुरुवार

शेजारणींबद्दल सांगायचं राहिलं. मास्तरीणबाईंचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बांधलेले. चार महिने झाले त्यांना. त्या खवचट आहेत, आणि मला खवचट माणसं आवडतात. कालचं सूप त्यांनी परत पाठवलं, सोबत चिठ्ठी, की हे पाणी कशाने तरी घाबरवून गरम केलेलं आहे.

तिसरी खिडकीजवळची. तिला सगळे खिडकीवाली म्हणतात. ती कमरेपर्यंत बांधलेली आहे आणि हातही कोपरापर्यंत. मी विचारलं, एवढ्या जखमा? ती म्हणाली, छान आहे. सूप कसं? छान आहे. मुलगी वर्षभर आलेली नाही असं ऐकलं. हो, छान आहे. मला तिला एक चापट मारावीशी वाटली. मास्तरीणबाई सांगतात, ती आली तेव्हा अख्खा मजला तिच्या शिव्यांनी जागा व्हायचा.

पट्टी बांधून चाललं की पोटरी पंपासारखी रक्त वर ढकलते, म्हणून चालायला सांगतात. मी चालत चालत तळमजल्यावर लॉन्ड्री शोधून काढली. तिथे इस्त्री करणारी बाई आहे. तिला मी चार गोष्टी सांगितल्या, तिने त्या मागितल्या नव्हत्या. बोलता बोलता ती म्हणाली, तुमच्या खोलीतली खिडकीकडची चादर गेली तशीच परत येते, धुवायलाही जीव होत नाही. मी मनात म्हटलं, कामचुकार आहे.

वर येऊन बघितलं. खिडकीवालीला खुर्चीत बसवलं होतं. चादर सपाट, जशी टेबलावरून आत्ताच उचलली. माणूस झोपलं की चादर बोलते. कूस कुठे बदलली, गुडघा कुठे दुमडला, रडत झोपली की हसत, मला सगळं कळतं. चाळीस वर्षं मी लोकांच्या रात्री इस्त्रीने सपाट केल्या आहेत. ही चादर काहीच बोलत नव्हती.

११ मार्च, सोमवार

पट्टी बदलली. बोथट टोकाच्या कात्रीने उभी कापली. ती अख्खी निघाली, बुटासारखी, आणि टेबलावर माझ्या पायाच्या आकारात उभी राहिली. सिस्टरने जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कड आखली आणि मागच्या आठवड्याच्या कागदावर धरली. निम्मी झाली आहे. मला रडू आलं. हे लिहू नका म्हटलं तर मास्तरीणबाईंनी लिहिलं.

मग मी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. दुखरा पाय चांगल्यापेक्षा बारीक. सिस्टर म्हणाली, सूज उतरली. मी म्हटलं, सूज उतरली हे समजलं, घोट्याचं हाडसुद्धा सुजलं होतं का? ती हसली नाही. नवी पट्टी बांधताना गुडघा ओलांडून चार बोटं वर गेली. डॉक्टरांनी गुडघ्याखाली सांगितलं होतं. आणि या वेळी बोटंही आत घेतली. मी नखाचं विचारलं. आता त्याची गरज नाही, ही मोठ्या बाईंची पद्धत आहे, म्हणाली.

मोठ्या बाई म्हणजे या घराच्या मालकीण. रोज एकदा येतात, कपाळावर हात ठेवतात, हात नेहमी कोरडा. इथे एकही जखम उरत नाही, असं म्हणतात. आज मी त्यांना सुनावलं, की पाय माझा आहे, विचारून बांधा. त्या म्हणाल्या, आजी, रागवायचं नाही, रागाने नसा ताठरतात. मी म्हटलं, मग माझ्या नसा लग्नापासून ताठरलेल्या आहेत.

माझं नख मला परत हवंय. चेष्टा नाही. पाय जिवंत आहे हे बघायची तेवढी एक खिडकी होती, ती बंद केली.

१४ मार्च, गुरुवार

मास्तरीणबाईंशी भांडले. म्हणजे मी भांडले, त्या भांडल्या नाहीत, म्हणून जास्त राग आला.

सोमवारी त्यांची पट्टी मांड्यांपर्यंत नेली. काल उजव्या मनगटाला पेन घासून सालटं निघालं, लगेच सिस्टर ओली पट्टी घेऊन हजर. मनगट, तळवा, एकेक बोट वेगळं गुंडाळलं, आणि बोटांत पेन धरायला जागा ठेवली. किती ती काळजी. सालटं निघालं तर फुंकर मारायची असते. मी ओरडले. मास्तरीणबाई म्हणाल्या, असू दे, छान गार वाटतं.

छान. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

दुपारी तेच पाण्यासारखं सूप आलं. प्यायल्या. वाटी पुसून ठेवली. मी मुद्दाम तीन वाक्यं अर्धवट सोडली. त्यांनी मला टोकलं नाही.

आता हे लिहिताना त्यांनी मान वर केली. खजील झाल्या आहेत. म्हणतात, आजी, मला राग यायला हवा होता हे कळतंय, पण तो जिथे असतो तिथे हात घातला तर सापडत नाही.

१८ मार्च, सोमवार

पट्टी बदलली. जखम मसुरीच्या डाळीएवढी राहिली आहे. सिस्टरने कागद दाखवला. मी कागदाकडे बघितलं नाही, पायाकडे बघितलं. माझ्या मनगटाएवढा झाला आहे. दुखत नाही. चिमटा काढला तर चिमटा दुसऱ्याला काढल्यासारखा. जखम लहान होत नाही हो, पायच कमी होतोय, आणि त्याच्याबरोबर जखम. अंगरखा आटला की त्यावरचं भोकही आटतं, त्याला कुणी रफू म्हणत नाही.

हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. मोठ्या बाई आल्या, कपाळावर हात ठेवला, तो मी झटकला. म्हटलं, मला घरी जायचंय. त्या म्हणाल्या, मुलाने महिन्याचं ठरवलं आहे, मुलाला पत्र लिहा. नाहीतरी तुम्हाला लिहून द्यायला माणूस आहे.

लिहिलं. मास्तरीणबाईंनी, बांधलेल्या हातानेच. मी सांगितलं ते असं: पत्र मिळताच ये. हे लोक पाय खातात. तू आला नाहीस तर मी चालत येईन आणि तुझ्या शेजाऱ्यांसमोर तुझं लहानपणीचं सगळं सांगेन. खाली मी माझा गोल काढला. या वेळी रागाच्या भरात तो पुरता मिटला.

२० मार्च, बुधवार

सकाळी सिस्टरने खिडकीवालीची चादर बदलली. त्यासाठी तिला उचललं. एका हातावर. इस्त्री केलेले शर्ट हातावर आडवे टाकून नेतात ना, तशी. दुसऱ्या हाताने चादर ओढली, नवी अंथरली, तिला परत ठेवलं. खिडकीवाली माझ्याकडे बघून हसत होती. आता हनुवटीपर्यंत बांधली आहे.

मी सिस्टरला विचारलं, हिच्या पट्टीत आत काय आहे? ती म्हणाली, जखम नाही.

२४ मार्च, रविवार

मुलगा आला नाही. मी ऑफिसात जाऊन टेबलावर काठी आपटली, तेव्हा फोन लावून दिला. नातीने उचलला. खुशीत होती. म्हणाली, आजी, पत्र मिळालं, किती छान लिहिलं आहेस, बाबांनी दोनदा वाचलं. लिहिलं आहेस, की पाय बरा झाला, इथे फार आवडतं, कुणावर राग नाही, यायची घाई करू नका.

फोनचे तुकडे करावेत असं वाटलं. मी म्हटलं, ते पत्र माझं नाही, तू ये. तिला सुट्टी पुढच्या रविवारी. नक्की येते म्हणाली. आणि म्हणाली, अगं, माझ्याही घोट्याजवळ तपकिरी डाग पडलाय, खाजतो, तिथल्या सिस्टरला दाखवीन म्हणते. मी ओरडले, की इथे कुणाला बोटसुद्धा दाखवायचं नाही. मोठ्या बाई माझ्या मागे उभ्या होत्या. मी ओरडले ते त्यांनी ऐकलं. त्याआधी नात जे बोलली तेही ऐकलं असणार, फोन खणखणीत आहे.

वर आले ती थेट मास्तरीणबाईंच्या अंगावर गेले. काय लिहिलंत? त्या रडल्या. म्हणाल्या, आजी, तुम्ही सांगितलं तेच मी मनात म्हणत होते. हात दुसरंच लिहीत होता. मी बघत होते आणि मला वाईट वाटत नव्हतं.

आजपासून डाव्या हाताने लिहितात. तो अजून उघडा आहे. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं म्हणून लाजतात. मी म्हटलं, मला सगळी अक्षरं सारखीच, लाजू नका. आता प्रत्येक ओळ लिहिली की वाचून दाखवायची. मी ऐकणार. राग असला तर ओळ माझी.

मागची पानंही वाचून घेतली. चौदापासून वीसपर्यंत उजव्या हाताने लिहिलेली सगळी माझीच आहेत, शिव्यांसकट. पट्टी घातलेला हात वहीत वीसपर्यंत ऐकत होता, पत्र तेवढं आधीच बदललं. एकवीस, बावीस, तेवीसला मी काय काय सांगितलं होतं, तिथे फक्त छान आहे, छान आहे, छान आहे, असं पानभर. ती पानं फाडली.

२५ मार्च, सोमवार

पट्टी बांधू दिली नाही. मलमाची थाळी सिस्टरच्या अंगावर फेकली. काठी मारली. मग आणखी दोघी आल्या, खांदे दाबून धरले आणि मोठ्या बाईंनी स्वतः बांधली. अंगठ्यापासून जांघेपर्यंत. एकही सुरकुती नाही. बांधताना सांगत होत्या, की तुमच्यासारखी रागीट बाई फार दिवसांनी आली, तुम्हाला वेळ लागतो आहे, पण तुम्हीही सुंदर व्हाल. मी त्यांच्या मनगटाला चावले. कापूस चावल्यासारखं लागलं. मनगटाला, बाहीच्या आत, कातडीच्या रंगाची पट्टी होती.

त्यांनाही कुणीतरी बांधलंय. केव्हाच.

झटापटीत बोथट टोकाची कात्री मी उशीखाली सरकवली. लॉन्ड्रीत चाळीस वर्षांत मी एक रुमाल चोरला नाही, हे लिहा.

लिहिलं म्हणतात. वाचलंही. राग आहे त्यात. माझीच ओळ.

२७ मार्च, बुधवार

दुपारी सगळ्या जेवणावर होत्या तेव्हा कापलं. आधी मास्तरीणबाईंचा उजवा हात. त्यांनीच पुढे केला. डाव्या हाताने वही छातीशी धरली होती. कडक पट्टी, कात्री करकरत गेली. मनगटापासून करंगळीपर्यंत उघडली.

आत काही नाही.

रक्त नाही, हाड नाही. आतून पांढरंशुभ्र, आणि त्यात बोटांच्या पेरांचे ठसे, नखाचे, तळहाताच्या रेषांचेसुद्धा. जणू कुणी आत्ताच हातमोज्यातून हात काढून घेतला. पेन मात्र त्या रिकाम्या बोटांत घट्ट होतं. मी ओढलं. निघेना.

मास्तरीणबाई बघत होत्या. मग म्हणाल्या, आजी, माझ्या पायांना कात्री लावू नका, मला बघायचं नाही. बरं म्हटलं.

माझ्याही पायाला नाही लावली. कात्री मांडीपर्यंत नेली आणि—

वाक्य पूर्ण करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच करते. घाबरले. आणि घाबरल्याचा राग आला, मग बरं वाटलं. राग येतो तोवर मी आहे. एवढं मला समजलं आहे.

२८ मार्च, गुरुवार

कापलेली पट्टी सापडली. कात्री गेली. कुणी ओरडलं नाही. सिस्टर सांगून गेली, उद्या सकाळी बाईंचा डावा हातही बांधू, अक्षर खराब होतंय.

ठरवलं आहे. वही गादीखाली. नात रविवारी आली की तिच्या हातात. ती वाचेल आणि मला उचलून नेईल. हलकी आहे आता मी, जड जाणार नाही तिला. तोवर रागावर बसायचं. सकाळी उठून आधी मुलाच्या घड्याळाची आठवण काढते. मग सुनेच्या नाकाची. मग लॉन्ड्रीच्या मालकाची, ज्याने चाळीस वर्षांत एक स्टूल दिलं नाही. एक स्टूल.

खिडकीवालीची खाट आज रिकामी होती. म्हणजे चादर होती. पट्टी होती, अख्खी, चेहऱ्यासकट, हसरी. सिस्टरने ती काखेत मारली आणि

कुठे नेली माहीत नाही.

३० मार्च, शनिवार

डावा हातही बांधला. काल. अजून ऐकतो आहे. वाचून दाखवलं. राग आहे, थोडा.

सकाळी उठले, चादर बघितली. उजवीकडे माझी रात्र आहे. चुरगळलेली, माझी. डावीकडे—

सपाट. कमरेपासून खाली सपाट.

मुलाचं घड्याळ आठवलं. सोनेरी पट्टा. राग आला का? आला. बहुतेक आला.

सुनेचं नाक आठवेना. बरी आहे तशी ती.

नाही. बरी नाही. लिहा. बरी नाही, बरी नाही, बरी

३१ मार्च, रविवार

मास्तरीणबाई वाचून दाखवत नाहीत. विचारलं तर हसतात. काय लिहिताय ते मला कसं कळणार. बाई, टोका मला. एकदा टोका. हे बघा, सोडलं अर्धं वाक्य, हे बघा, मी—

स्टूल. एक स्टूल दिलं नाही. स्टूल. स्टूल.

हात उचलून बघितला त्यांचा. बाहीएवढा हलका. उचलला तरी लिहितोय. मी गप्प बसते आता. मी बोललेच नाही तर काय लिहिणार—

आज हवा छान आहे. नात आली आहे. खाली ऑफिसात बसली आहे, लवकर आली, किती गुणी आहे. दिवसभर उभी असते बिचारी. तिच्या घोट्याजवळ तपकिरी डाग आहे, खाजतो. मोठ्या बाईंनी मोजे काढायला सांगितले आहेत. पाय वर घेऊन बसवलं आहे, जमिनीला लागू दिला नाही. ओली पट्टी आणली आहे. पाऊल काटकोनात. बोटांच्या मुळापासून सुरू करतात, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर. आजीने निरोप पाठवला आहे, की घाबरू नकोस, गार वाटतं, छान वाटतं. आजीचा कुणावर राग नाही. आजीला इथे फार आवडतं. एकही सुरकुती ना

नाही. नाही मी पाठवला निरोप. मेल्यांनो, माझ्या पोरीच्या पायाला हात लावाल तर मी